पार्किंग अधिक चार, पायऱ्या चौसष्ट

बारामती-इंदापुरात फ्लॅट बघायला जाताना एक आकडा खिशात ठेवा: 15 मीटर. राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लिफ्टची सक्ती या उंचीच्या वर सुरू होते. आता तीन मीटरचा एक मजला धरा. खाली पार्किंग, वर चार मजले, झाले 15! मोजमापाच्या खाचाखोचा आर्किटेक्टवर सोडू, पण ढोबळ हिशेब असा की चौथ्या मजल्यावरच्या आजींना नियमाच्या लेखी जिना पुरेसा आहे. लिफ्ट बसवली तर ती बिल्डरची मर्जी.

बरं, आजींना पायऱ्या किती? राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरांच्या जिन्यात एक पायरी 19 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आजींचा उंबरा 12 मीटरवर, म्हणजे किमान 64 पायऱ्या. गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो. तो खांद्यावर घेऊन येणाऱ्याला आधी पाणी विचारा, सुट्टे पैसे नंतर.

जिना दमवतो की नाही, हे पायरीच्या मापावर ठरतं. ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं 1675 मध्ये सूत्र मांडलं: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं, साधारण 65 सेंटिमीटर. आपल्या संहितेची मापं घ्या: 19 अधिक 19 अधिक 25, बेरीज 63. फ्रेंच पाऊल बारामतीच्या जिन्यात जवळपास बसतं!

पुण्याच्या वाटेवरच्या जेजुरीत मात्र हे गणित चालत नाही. तिथे नवरदेव नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. या लिफ्टला परवाना नको, देखभालीचा करार नको.

लिफ्टमधली पाटी वाचलीत? 6 माणसं, 408 किलो. म्हणजे सरकारी माणूस 68 किलोचा. लग्नसराईतल्या जेवणानंतर हा हिशेब जरा बघून घ्यावा.

आता खरी गंमत. दोरावरच्या लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड, कारण त्यात पूर्ण भाराचा जवळपास अर्धा भाग धरलेला असतो. त्यामुळे रिकामी लिफ्ट वर जाताना मोटर आरामात, खाली येताना राबते.

उंचावर चढवण्याचं काम या भागाला नवं नाही म्हणा. उजनीचं पाणी उचलून इंदापूर-बारामतीच्या जिरायती गावांना द्यायला लाकडी-निंबोडी उपसा योजना आखलेली आहेच. तिथेही वीज गेली की सगळं ठप्प. इमारतीच्या लिफ्टला निदान बॅटरीवरची बचाव यंत्रणा बसवता येते. वीज जाताच ती लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते. तुमच्या सोसायटीत ती आहे का, आणि तिची बॅटरी शेवटची कधी बदलली, हे सेक्रेटरींना आजच विचारा. तेही चौथ्या मजल्यावर राहत असतील तर उत्तर लवकर मिळेल.