आंबट दह्याची शंभर वर्षं

1905 मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाला आपल्या देशातल्या दह्यात दांडीच्या आकाराचा एक जिवाणू दिसला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या इल्या मेचनिकॉफ यांनी तो धागा उचलला आणि बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे, असं मांडलं. 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण त्याचा मान दह्यालाही आपसूक लाभला. युरोपात दही औषधाच्या दुकानांतून विकलं जाऊ लागलं. 1919 मध्ये बार्सिलोनात निघालेल्या दानोनचं दहीही सुरुवातीला तिथंच मिळायचं. घरी रोज दही लावणाऱ्या बल्गेरियन आजीला त्यात औषध ते काय, असंच वाटलं असतं.

जपानची गोष्ट मला याहून रंजक वाटते. तिथल्या जेवणात मिसो, नात्तो असे आंबवलेले पदार्थ मुबलक, पण दूध जवळजवळ परकंच. क्योतोत मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये आतड्यात टिकून राहणारा एक जिवाणू वेगळा काढला आणि 1935 मध्ये तो घातलेलं याकुल्त हे पेय बाजारात आलं. ते गोड होतं, एका घोटात संपणारं होतं आणि 1963 पासून बायका ते घरोघरी पोचवू लागल्या. ओळखीची बाई दारात आली की जिवाणूंची भीती कुणाला वाटणार?

साखर नसलेल्या दह्याला मात्र झगडावं लागलं. 1970 च्या ओसाका प्रदर्शनात बल्गेरियाच्या दालनात मेजी कंपनीच्या माणसांनी खरं आंबट दही चाखलं आणि पुढच्याच वर्षी तसं दही विकायला काढलं. तोवर जपानी लोकांना योगर्ट म्हणजे गोड, जेलीसारखा घट्ट पदार्थ एवढंच ठाऊक. हे नवं दही नासलंय, अशा तक्रारी आल्या. 1973 मध्ये बल्गेरियाच्या परवानगीने डब्यावर त्या देशाचं नाव आलं आणि हळूहळू तोच आंबटपणा अस्सलपणाची खूण ठरला. पुढे कोतोओशू हा बल्गेरियन सुमो पहिलवान त्या दह्याचं नाव मिरवणारं भरजरी वस्त्र कमरेला बांधून आखाड्यात उतरू लागला. जपानला बल्गेरिया ठाऊक झाला तो बराचसा या डब्यामुळेच.

आपल्याकडे अडचण नेमकी उलटी होती. 2007 मध्ये अमूलचं प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू असलेलं, आइस्क्रीम आलं, त्याच सुमारास दिल्लीकडून याकुल्तही आलं. ज्या घरात विरजण संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं, परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवायची, पोट बिघडलं की दहीभात कालवायचा, त्या घराला जिवाणू विकत घ्या असं सांगायचं कसं? शिवाय दह्याभोवती पथ्यंही होतीच: रात्री नको, सर्दीत नको, पावसाळ्यात जपून. माझ्या पाहण्यातल्या काही घरांत रात्रीचं दही आजही वर्ज्य आहे, पण रात्री जेवणानंतर ती 65 मिलीची बाटली बिनदिक्कत चालते. बाटलीला ना पथ्य ना परंपरा; ती थेट डॉक्टरच्या खात्यात जमा.

2011 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जिवाणूचा नेमका वाण ओळखलेला हवा, त्याचा गुण माणसांवर तपासलेला हवा, प्रमाण ठरलेलं हवं. घरच्या विरजणात जिवाणू कोट्यवधी, पण कोणते आणि किती हे घरागणिक बदलतं, म्हणून ते या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे घरच्या दह्याचा पचनाला होणारा उपयोग किंवा चव तसूभरही कमी होत नाही.

अलीकडे वारं पुन्हा फिरलंय. ‘हे सगळं आमच्याकडे आधीपासूनच होतं’ असे निरोप फोनवर फिरतात आणि त्यांतल्या यादीत इडली, आंबोळी, आंबील सगळंच असतं. अभिमान रास्त आहे. आंबवण्याने पीठ पचायला हलकं होतं, पण वाफेवर, तव्यावर आणि उकळत्या पातेल्यात जिवाणू जगत नाहीत. ताकातले जगतात, त्याची कढी केली नाही तर.