पानातून रोप आणि कुंडीतले पाणी

पानफुटीचे पान पुस्तकात दडवून ठेवण्याचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. माती नाही, पाणी नाही. तरी पंधरा-वीस दिवसांनी पुस्तक उघडावे, तो पानाच्या कडेच्या खाचांतून पांढरी मुळे आणि इवलीशी पाने डोकावत असतात. आमच्या लोधिवलीत या झाडाला कोणी पानफुटी म्हणतात, कोणी घायमारी. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध कुंडीपुरताच. पण या एका पानात पदार्थविज्ञानाचे निदान तीन धडे आहेत, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा, की तोडलेले पान सुकत कसे नाही? समजा, कणकेचा १०० घन सेंटिमीटरचा गोळा केला. त्याचे पृष्ठफळ सुमारे १०४ चौरस सेंटिमीटर भरते. तोच गोळा लाटून एक मिलिमीटर जाडीची पोळी केली, तर दोन्ही बाजू मिळून पृष्ठफळ २००० चौरस सेंटिमीटर होते. पाणी पृष्ठभागावरून उडते. तेव्हा पान जितके जाड आणि गुबगुबीत, तितकी त्याची ओल टिकाऊ. पानफुटी, कोरफड, शेर, निवडुंग या अशा मांसल वनस्पती. रोपवाटिकेत त्यांना ‘सक्युलंट’ म्हणतात.

पण झाडाला कार्बन डाय-ऑक्साइड घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी पर्णरंध्रे उघडली की आतले बाष्प बाहेर पडते. ही मंडळी आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. त्याने किती बचत होते? पानाच्या आतली हवा बाष्पाने संपृक्त असते. ३५ अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर असतो, तर २२ अंशांना सुमारे २०. एप्रिल महिन्यात बाहेरच्या हवेतील बाष्पाचा दाब रात्रंदिवस १५ मिलिमीटर आहे असे धरा. दुपारी आतबाहेरचा फरक २७, रात्री फक्त ५. म्हणजे रात्री दार उघडले, तर पाण्याचा खर्च पाचपटीने कमी!

रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा दारे बंद करून प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. याचा सुगावा आपल्याच देशात लागला. हिंदुस्थानात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान चघळून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारी बेचव. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. तुम्ही मात्र पान चाखू नका. त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील सामू-पट्टी घेऊन पहाटेच्या आणि सायंकाळच्या पानाचा रस तपासा, तेवढे पुरे.

आता कुंडीकडे वळू. येथे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात माझ्या अकरा कुंड्यांतील नऊ झाडे कुजली. चूक माझीच होती. आमच्या खालापूर तालुक्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि मी तळाशी खड्यांचा जाड थर घालून निश्चिंत होतो. पाणी खड्यांतून निघून जाईल, असे कोणालाही वाटेल. पण मातीच्या बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते. खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजासहजी उतरत नाही. मातीच्या तळाशी ओला थर तसाच राहतो.

हे घरी पडताळता येते. आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून ताटावर आडवा धरा. ठिबकणे थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. म्हणून मांसल झाडासाठी कुंडी पसरट नको. तळाला भोक हवेच, आणि जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे तळाशी न घालता सबंध मातीत मिसळावेत. निम्म्याहून अधिक मिसळले तरी चालते. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने मंद असतो. छिद्रे पाण्याने भरली की मुळे गुदमरतात, आणि मग बुरशीचे फावते. पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये हे निराळे सांगायला नको. (मी ठेवली होती.)

फांदी किंवा पान लावतानाही हेच ध्यानात ठेवा. कापलेला भाग चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा, म्हणजे जखम मिटते. पानफुटीचे पान मातीवर नुसते आडवे टाकले तरी पुरते. शेराचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तिसरा धडा तराजूचा. पानफुटीची पाने खोडावर समोरासमोर, जोडीने येतात. ही जुळी पाने जवळजवळ सारखी असतात. जॅक लोब या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. जोडीतले एक पान सबंध ठेवायचे, दुसरे कापून लहान करायचे, आणि दोन्हींना फुटलेल्या रोपांचे वजन करायचे. त्यांना असे आढळले, की फुटलेल्या रोपांचे वस्तुमान पानाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. पान निम्मे, तर रोपांचे एकूण वजनही निम्म्याच्या आसपास. यावरचे त्यांचे पुस्तक १९२४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी निघाले.

शिक्षकांना विनंती, की हा प्रयोग वर्गात जरूर करावा. निदान दहा जोड्या घ्या, उजेड सर्वांना सारखा द्या, महिन्याने रोपे खुडून भौतिक तराजूवर तोला आणि आलेख काढा. एका जोडीवरून निष्कर्ष काढाल तर फसाल. उरलेली रोपे ओढ्याकाठी टाकू नका. पानफुटी मूळची मादागास्करची, आणि एका पानापासून रान माजवणारी आहे.

याच्या अगदी उलट स्थिती आपल्या सह्याद्रीतल्या एका मांसल वनस्पतीची आहे. तिचे नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर सापडते म्हणून शिवसुमन. डाल्झेल यांनी १८६५ मध्ये तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती उगवते. पावसाळ्यात पाने येतात, कोरड्या दिवसांत गळतात आणि जाड खोड तेवढे उरते. गडावरून ती उपटून आणणे हा गुन्हाच समजावा. पण लागवडीतल्या झाडाची फांदी वर सांगितल्याप्रमाणे सुकवून लावली, तर सहज मुळे धरते.

यात एक गोम आहे. फांदीपासून झालेले रोप आईची हुबेहूब नक्कल असते. शंभर कुंड्या भरल्या तरी वारसा एकाच झाडाचा. एखादा रोग आला तर सगळीच सापडायची. वेगवेगळ्या गुणांची रोपे हवी असतील तर बी हवे. या फुलात पराग सुटे नसतात, त्यांचे पुंज असतात आणि ते माश्यांच्या मार्फत हलतात.

माझ्या खिडकीत शिवसुमनाची एकच कुंडी आहे, एका बागेतून मिळालेल्या फांदीची. गेल्या पावसाळ्याअखेर तिला तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची सात फुले आली. शेंग एकही धरली नाही. यंदा दुसऱ्या बागेतल्या झाडाची फांदी मिळवून शेजारी लावली आहे. तिला पाने फुटली आहेत, फुलांची वाट पाहतो आहे.