नृत्यरचना : संज्ञा आणि श्रेय

'कोरिऑग्राफी' ही संज्ञा ग्रीक धातूंपासून सिद्ध झाली असून तिचा मूलार्थ 'नृत्याचे लेखन' असा आहे. अमेरिकन संगीत नाटकांच्या आरंभकाळात मात्र नृत्य होते, पण त्याचे लेखन नव्हते. ही विसंगती लक्षणीय आहे.

१८६६ साली न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डन नाट्यगृहात 'द ब्लॅक क्रूक' रंगभूमीवर आले. त्याचे ४७४ प्रयोग झाले. युरोपातून आलेला बॅलेचा संच हे त्याचे मोठे आकर्षण होते. तथापि त्यातील नृत्ये गाळली, तरी कथानकाला बाध आला नसता.

१९३६ मध्ये 'ऑन युअर टोज' या नाटकाच्या श्रेयनामावलीत जॉर्ज बालनशीन यांच्या कामाला 'कोरिऑग्राफी' हे नाव मिळाले. त्यातील अखेरच्या नृत्यात प्रेक्षागृहात मारेकरी बसले असल्यामुळे नायकाला नाचत राहणे भाग पडते. १९४३ मधील 'ओक्लाहोमा!' या नाटकात ॲग्नेस डी मिल यांनी नायिका लॉरीच्या मनातील अव्यक्त भीती स्वप्ननृत्यातून प्रकट केली. नृत्य आता वाक्यातील विशेषण राहिले नाही. ते क्रियापद झाले.

परंतु केवळ नामनिर्देशाने नृत्य टिकत नाही. १९५२ मध्ये हान्या होल्म यांच्या 'किस मी, केट'मधील नृत्यांची लाबानच्या नृत्यलिपीत लिहिलेली संहिता अमेरिकेत स्वामित्वहक्कासाठी नोंदविली गेली. संज्ञेचा व्युत्पत्त्यर्थ तेथे सार्थ झाला. त्यापूर्वीच्या ज्या नृत्यांची कोणतीच नोंद झाली नाही, ती नर्तकांच्या स्मृतीबरोबरच लोपली. म्हणून नाटकाची छापील संहिता म्हणजे संपूर्ण नाटक, असे अभ्यासकाने मानू नये.