कीबोर्ड घेताय? आधी दोन्ही शिफ्ट दाबून बघा

मंडळी, पहिला गेमिंग कीबोर्ड घेताना लाइट्सना भुलू नका. दुकानात नोटपॅड उघडायला सांगा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए ते झेड टाइप करा. काही अक्षरं गायब? स्वस्त मेंब्रेन कीबोर्डमध्ये बऱ्याच बटणांची वायरिंग सामाईक असते. तीन-चार एकदम दाबली की नेमकी कुठली दाबली ते त्याला कळत नाही, मग एखादं तो गिळतो. ऐन मॅचमध्ये तिरकं पळताना उडी मारावी, तर गडी उडतच नाही. आणि आपण शिव्या घालतो नेटला! चांगल्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड असतो, म्हणून हा घोळ होत नाही. स्विच निवडताना घरच्यांचाही विचार करा हं. चेरीचा निळा टिकटिक वाजतो, रात्री आई उठेल. लाल घ्या, त्याला तो क्लिक नाही. पैसे उरले तर माऊसला.