कोरड्या पिंपातला विषाणू

डेंग्यूची साथ आली की ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही सूचना सगळीकडे दिसू लागते. अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे आठवड्याचे गणित. ते बरोबरच आहे. फक्त अपुरे आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या किंवा कूलरच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. पाणी ओतून दिले की अळ्या जातात, अंडी तिथेच राहतात. जेमतेम एक मिलिमीटर लांबीची ही काळी अंडी कित्येक महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी चढले की फुटतात.

या अंड्यांत नुसता डासच असतो, की विषाणूही?

हे शोधण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. डासाला विषाणू मिळतो रुग्णाच्या रक्तातून, आणि रक्त पिते फक्त मादी. नर फुलांच्या रसावर जगतो, तर अळी पाण्यातले जिवाणू आणि कुजके कण खाते. म्हणजे अळीत, किंवा अळीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रक्ताचा थेंबही न चाखलेल्या डासात विषाणू सापडला, तर तो पालकांकडूनच आलेला असणार. १९८३ साली रंगून शहरातून गोळा केलेल्या अळ्यांत डेंग्यूचा विषाणू मिळाला. त्याच वर्षी लिऑन रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतही असे संक्रमण होते हे दाखवून दिले.

विषाणू अंड्यात शिरतो कसा? रक्ताबरोबर तो प्रथम मादीच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, मग शरीरातील द्रवात उतरतो. तिथून लाळग्रंथींत पोचला की ती चावून रोग देऊ शकते. अंडाशयात पोचला तर तयार होत असलेल्या अंड्यात शिरू शकतो. दुसरी वाट अंडे बाहेर पडतानाची. शुक्रपेशी आत जावी म्हणून अंड्याला एक सूक्ष्म छिद्र असते, त्यातूनही विषाणू आत जाऊ शकतो. पण या प्रवासाला आठ ते बारा दिवस लागतात आणि रक्त प्यायल्यावर मादी तीन-चार दिवसांतच अंडी घालते. त्यामुळे त्या रक्तावर वाढलेली अंडी बहुधा सुटतात. धोका पुढच्या खेपांचा.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात याचा पाठपुरावा झाला. जोधपूर येथील शास्त्रज्ञांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील सहकाऱ्यासह डेंग्यूचा तिसऱ्या प्रकारचा विषाणू एडिसच्या पिढ्यांमागून पिढ्यांत तपासला. तो सातव्या पिढीपर्यंत टिकून होता.

म्हणून दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू अंड्यांतच दडून बसतो, असे छातीठोकपणे सांगावे का? माझ्या मते नाही. बहुतेक पाहण्यांत बाधित संततीचे प्रमाण फारच कमी आढळते, आणि एवढ्यावर विषाणू वर्षानुवर्षे टिकेल असे गणिती प्रतिमानेही दाखवत नाहीत. शहरात त्याला दुसरा आसरा आहे, तो म्हणजे आपण. २०१३ मधील एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३९ कोटी लोकांना लागण होते, पण लक्षणे दिसतात ती ९.६ कोटींतच. उरलेले हिंडतेफिरते असतात आणि त्यांच्यापासूनही डासांना लागण होऊ शकते. अंड्यातला विषाणू हा या साखळीतला लहानसा, पण नेमका आपल्या नजरेआडचा दुवा आहे. पहिल्या पावसानंतर त्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या थोड्या माद्यांना रुग्ण शोधावा लागत नाही. त्यांचा पहिलाच चावा पुरेसा ठरू शकतो.

तेव्हा कोरड्या दिवशी पिंप नुसते पालथे घालू नका. आतली भिंत, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा, काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासा आणि ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर टाका. शाळेत कुंड्यांखालच्या बशा आणि मैदानातले जुने टायर मुलांना भिंगातून पाहायला लावा. काळे, लांबट ठिपके दिसले तर मोजून वहीत नोंदवा. मग बशांवर उकळते पाणी ओता. ते काम मात्र शिक्षकांनीच करावे.