लाजेच्या भरवशावर चालणारी वर्गणी

ऑनलाइन प्रौढ मनोरंजनाच्या धंद्यावर आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा अश्लीलतेच्या अंगाने. त्यातल्या पैशाच्या व्यवहाराकडे फारसे कुणी पाहत नाही, आणि खरी फसवणूक तिथेच होते. या बाजारात फुकटचा मजकूर मुबलक आहे. नवा ग्राहक ओढून आणायला खर्च येतो, त्यामुळे एकदा कार्डाचा नंबर दिलेला माणूस महिनोन्महिने टिकला तरच कमाई होते. हा माणूस टिकवण्यासाठी या धंद्याने विसरभोळेपणा आणि लाज या दोन गोष्टींचा जितका वापर केला, तितका दुसऱ्या कुठल्या धंद्याने क्वचितच केला असेल.

सुरुवात अमेरिकेत झाली. तिथल्या एखाद्या साइटचे पैसे भरण्याचे पान डोळ्यांसमोर आणा. वर ठळक अक्षरांत एका डॉलरमध्ये तीन दिवसांची चाचणी. खाली बारीक टायपात लिहिलेले असते, की मुदत संपल्यावर दरमहा तीस-चाळीस डॉलर आपोआप कापले जातील. त्याच्याही खाली एक चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. ती काढली नाही तर दुसऱ्याच एका साइटची वर्गणी सुरू. बँकेच्या पत्रकावर मात्र कुठल्याशा बिलिंग कंपनीचे साधेसुधे नाव. घरच्यांपासून लपवायला ग्राहकाला ते सोयीचे वाटायचे, पण वर्गणी कसली हे सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाही ओळखू यायचे नाही. ओळखले तरी बँकेत जाऊन सांगणार काय? लाजेपोटी माणूस गप्प बसायचा.

सगळेच गप्प बसले नाहीत. २००० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांसह क्रेसेंट पब्लिशिंग या कंपनीवर खटला भरला. साइट फुकट आहे, कार्डाचा नंबर फक्त वय तपासायला हवा, असे सांगून लोकांच्या कार्डांवर पैसे लावल्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी ३ कोटी डॉलरवर तडजोड झाली. याच सुमारास तंटे फार वाढले म्हणून अमेरिकन एक्सप्रेसने हा धंदाच सोडला. व्हिसा आणि मास्टरकार्ड राहिले, पण ग्राहकांनी नाकारलेल्या व्यवहारांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दंड, आणि शेवटी कार्ड घेण्याची सोयच बंद. २०२० पासून व्हिसाने चाचणी-सवलतीची मुदत संपण्याआधी ग्राहकाला कळवणे आणि ऑनलाइन रद्द करण्याची सोपी सोय देणे बंधनकारक केले. नीतीच्या भाषणांनी जे साधले नाही ते या कारकुनी नियमांनी बरेचसे साधले, असे माझे मत आहे.

मग टिकवण्याची तऱ्हा बदलली. लंडनमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या ओन्लीफॅन्सने साइटऐवजी व्यक्तीची वर्गणी विकली. ग्राहकाच्या पैशांतले २० टक्के कंपनीचे, बाकीचे मजकूर तयार करणाऱ्याचे. नोव्हेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात ग्राहकांनी तिथे ७०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. इथे माणूस टिकतो तो संवादामुळे. मात्र मोठ्या खात्यांवर हा संवाद अनेकदा एजन्सीने नेमलेली माणसे करतात, त्यातली कितीतरी फिलिपिन्समध्ये बसून, तुटपुंज्या मजुरीवर. ज्या एकाकी माणसाला आपण अमुक बाईशी बोलतो आहोत असे वाटते, तो पाळीपाळीने बदलणाऱ्या अनोळखी माणसांशी बोलत असतो. या प्रकाराविरुद्ध २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांनी खटलाही भरला.

प्रत्येक देशाचा बाजार आपापल्या कायद्याने आणि पैसे देण्याच्या सवयींनी घडतो. जपानमध्ये आधी पॉइंट विकत घ्यायचे आणि ते खर्चायचे, अशी जुनी रीत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातही रोख भरता येते. त्याहून महत्त्वाचा तिथला जून २०२२ चा कायदा. करारानंतर महिनाभर चित्रीकरण करता येत नाही, चित्रीकरणानंतर चार महिने ते प्रसिद्ध करता येत नाही आणि प्रसिद्धीनंतर वर्षभर कलाकाराला विनाअट करार मोडता येतो. भारतात असे काही नाही.

पैसे कापण्याच्या बाबतीत मात्र भारतात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी देणे बंधनकारक केले. कुणाला, किती आणि कधी हे सांगणारा मेसेज फोनवर येतो आणि तिथूनच नकार देता येतो. ५,००० रुपयांपुढे दर वेळी वेगळी परवानगी लागे. ही मर्यादा २०२२ मध्ये १५,००० झाली. विसरलेल्या वर्गणीवर जगण्याची वाट त्यामुळे इथे अरुंद झाली.

साहजिकच इथल्या ॲपनी ग्राहकाला गोष्टीतच अडकवले. २०१८ साली सुरू झालेल्या ‘उल्लू’चे उदाहरण घ्या. गोष्ट अर्ध्यावर तोडायची आणि दुसरा भाग काही दिवसांनी आणायचा. वर्गणी छोट्या मुदतीची, यूपीआयने सहज भरता येण्याजोगी. कथेतली माणसे वहिनी, भाडेकरू, गावाकडचा दीर; शिवाय भोजपुरी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत डबिंग. महागड्या ओटीटीने ज्या छोट्या शहरांकडे पाठ फिरवली, तिथला ग्राहक याच मार्गाने मिळाला. २०२२-२३ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ९३ कोटी रुपये होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने मुंबई शेअर बाजाराच्या लघुउद्योग मंचावर येण्यासाठी अर्जही केला.

१४ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ ओटीटी मंच बंद केले. त्यांतल्या एका ॲपचे डाउनलोड १ कोटीवर गेले होते. जुलै २०२५ मध्ये आणखी २५ ॲपवर बंदी आली. त्यांत ‘उल्लू’ही होते. अश्लीलतेविरुद्धचे कायदे सरकारने वापरले, हे समजण्यासारखे आहे. पण २०२४ च्या सरकारी निवेदनात आगाऊ भरलेल्या वर्गणीच्या परताव्याचा उल्लेख नव्हता आणि पडद्यावरच्या मुलींच्या करारांचाही नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मालाडजवळच्या मढमधील बंगल्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला. वेबसिरीजमध्ये काम देतो म्हणून बोलावलेल्या तरुणींवर दबाव आणला गेला, असा पोलिसांचा आरोप होता. अशा मुलींना जपानसारखी करार मोडण्याची मुभा असती, तर त्यांच्या हाती निदान काहीतरी राहिले असते.

ॲप बंद झाले तरी मागणी उरतेच. ती टेलिग्रामच्या चॅनलांकडे वळते. तिथे क्यूआर कोडवर पैसे आधी घेतात. ना पावती, ना सूचना, ना तक्रारीची जागा. पुढे बदनामीची धमकी येते ती याच वाटेने.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या सापळ्याला अनुचित प्रथा ठरवले आहे. तेव्हा यूपीआय ॲपमधला ऑटो-पे विभाग एकदा उघडून पाहा आणि नको ते तिथेच रद्द करा. न सांगता पैसे कापले गेले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३०. सेवा कसली होती हे सांगायची लाज वाटेल; तरीही फोन करा.