कुत्र्यांतील ॲलर्जी व हिस्टामीनविरोधी औषधे

माणसांसाठी तयार केलेल्या व औषधविक्रेत्याकडे सहज मिळणाऱ्या ॲलर्जीवरील (अधिहर्षतेवरील) औषधांपैकी काही कुत्र्यांनाही उपयोगी पडतात. ही औषधे मुख्यत्वे हिस्टामीनविरोधी गटातील असतात. कोणते औषध, किती मात्रेत व कोणत्या लक्षणांवर द्यावयाचे याचे नियम मात्र माणसांच्या बाबतीतील नियमांहून भिन्न आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास साध्या खाजेवरील उपायाने प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

हिस्टामिनाचे शरीरक्रियात्मक परिणाम हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये वर्णिले. त्याला विरोध करणारे पहिले संयुग डान्येल बॉव्हे व आन-मारी स्टाउब यांनी पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९३७ साली शोधले. बॉव्हे यांना १९५७ मध्ये शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रिया : परागकण, धुळीतील माइट, कीटकदंश इत्यादींमुळे शरीरात प्रतिजन शिरला म्हणजे त्वचा, आतडी इ. ठिकाणच्या स्थूल कोशिकांमधून हिस्टामीन बाहेर पडते. ते ऊतकांतील एच-१ ग्राहींशी संयोग पावून सूज व खाज निर्माण करते. हिस्टामीनविरोधी औषधे हे ग्राही आधीच व्यापतात. मुक्त झालेले हिस्टामीन ती नष्ट करीत नाहीत. त्यामुळे ती प्रतिबंधासाठी अधिक व सुरू झालेल्या विक्रियेवर कमी परिणामकारक ठरतात. शिवाय कुत्र्याच्या दीर्घकालीन खाजेत इंटरल्यूकीन-३१ हे प्रथिन महत्त्वाचे कार्य करते. मधमाशीच्या दंशाने चेहरा सुजणे वा अंगावर गांधी उठणे यांवर या औषधांचा बऱ्यापैकी गुण येतो, पण वारंवार उद्‌भवणाऱ्या त्वचाशोथात तो माफकच असतो.

निदान : खाजणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला ॲलर्जी असतेच असे नाही. पिसवा, गोचिड्या, खरजेचे किडे व त्वचेवरील यीस्ट यांमुळेही खाज सुटते. खरूज माणसालाही लागू शकते. अशा वेळी गोळ्यांनी मूळ कारण तसेच राहते व उपचाराला उशीर होतो. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. मिरचीच्या धुळीने कुत्र्याला शिंका येतात व डोळ्यांतून पाणी वाहते. परंतु ही ॲलर्जी नव्हे. मिरचीतील कॅप्सेसीन मज्जातंतूंच्या टोकांना थेट उद्दीपित करते. म्हणून तेथे हिस्टामीनविरोधी औषधाचा उपयोग होत नाही. धुळीपासून दूर नेणे व डोळे स्वच्छ पाण्याने धुणे हाच उपाय होय. याउलट १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेल्या व नंतर सर्वत्र पसरलेल्या गाजर गवतामुळे माणसाप्रमाणे जनावरांतही त्वचाशोथ होतो. त्यामुळे कुत्रा कोठे वावरतो याची चौकशी निदानात आवश्यक असते.

मात्रा : मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते, म्हणून कुत्र्याचे वजन प्रत्यक्ष करावे. पशुवैद्यकात सर्वसाधारणपणे दर किग्रॅ. वजनामागे सेटिरिझीन १ मिग्रॅ. दिवसातून एकदा, क्लोरफेनिरामीन सु. ०·४ मिग्रॅ. व डायफेनहायड्रामीन सु. २ मिग्रॅ. दर ८ ते १२ तासांनी देतात. पहिली मात्रा पशुवैद्याने ठरवून द्यावी. जुन्या औषधांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते व लघवी अडू शकते. क्वचित उलट उत्तेजना येते. काचबिंदू, फेफरे, हृदयविकार किंवा अष्ठीला ग्रंथीची वाढ असलेल्या कुत्र्यांना, तसेच गाभण कुत्रीला व लहान पिलांना ती पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

संमिश्र गोळ्यांचा धोका : खरा धोका बहुधा हिस्टामीनविरोधी घटकापेक्षा त्याच्या जोडीच्या घटकांपासून असतो. सर्दीवरील एका गोळीत सामान्यतः क्लोरफेनिरामीन २ मिग्रॅ., फिनिलेफ्रीन १० मिग्रॅ. व पॅरासिटॅमॉल ५०० मिग्रॅ. असते. १२ किग्रॅ. वजनाच्या कुत्र्याला क्लोरफेनिरामिनाची योग्य मात्रा मिळावी म्हणून अशा दोन गोळ्या दिल्यास त्यांबरोबर १,००० मिग्रॅ. पॅरासिटॅमॉल, म्हणजे दर किग्रॅ. मागे सु. ८३ मिग्रॅ., पोटात जाते. कुत्र्यात सु. १०० मिग्रॅ. च्या आसपास यकृताला इजा होऊ लागते, ५ किग्रॅ. च्या पिलाला ही मर्यादा एका गोळीतच गाठली जाते. स्यूडोएफेड्रिनाने हृदयाची गती व रक्तदाब धोकादायक वाढतो, दर किग्रॅ. मागे ५–६ मिग्रॅ. नेही तीव्र लक्षणे दिसतात. काही साखरविरहित पातळ औषधांतील झायलिटॉलामुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते. म्हणून वेष्टनावरील सर्व घटक वाचून केवळ एकच घटक असलेली गोळी वापरावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जी’ अनुसूचीत क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन इ. औषधांचा समावेश असून, वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. माणसासाठी दिलेली ही सूचना कुत्र्याच्या बाबतीत अधिकच लागू पडते.

तातडीची लक्षणे : दंशानंतर वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणे, धाप लागणे किंवा कुत्रा कोसळणे ही तीव्र ॲलर्जीची चिन्हे होत. अशा वेळी ॲड्रेनॅलिनाचे अंतःक्षेपण हाच प्रमुख उपचार असल्याने गोळी देऊन वाट पाहू नये. जास्त गोळ्या पोटात गेल्यास घरी मीठ वा तेल पाजून उलटी करवू नये. गोळीचे वेष्टन, दिलेल्या गोळ्यांची संख्या, वेळ व कुत्र्याचे वजन ही माहिती बरोबर घेऊन जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. दीर्घकाळ चालणाऱ्या त्वचारोगांच्या सखोल तपासणीसाठी मराठवाड्यात परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.